जोंकमारी : एका निळ्या रानफुलाची ओळख

ओळख पटवणे हा आम्हा सरकारी सेवकांचा नित्याचा उद्योग आहे. समोर उभा असलेला इसम तोच तो होय, अमुक शेत अमक्याच्याच नावाचे होय, अमुक सही खरी होय, असे दाखले देण्यात आमच्या आयुष्याचा बराच भाग खर्ची पडतो. त्यामुळे ओळख म्हणजे काय, ती कशावरून पटते आणि कशामुळे फसते, हा प्रश्न माझ्या मनात अधूनमधून डोकावत असतो. आज ज्या रानफुलाविषयी मी बोलणार आहे, ते वीतभर उंचीचे एक क्षुद्र तण आहे. परंतु त्याची ओळख पटवताना युरोपातील थोरथोर पंडितांची जवळजवळ दोन हजार वर्षे तारांबळ उडाली, आणि खुद्द डार्विनलाही आपल्या जगप्रसिद्ध ग्रंथात त्याचा उल्लेख करावा लागला. माझी स्वतःची फजिती झाली ती या सर्वांच्या मानाने अगदीच किरकोळ. पण प्रारंभ तिच्यापासूनच करतो.

काही वर्षांपूर्वी माझी नेमणूक उत्तर प्रदेशातील एका जिल्ह्यात होती. पौष महिन्याचे दिवस होते. माझ्या धाकट्या मुलीने दोन ससे पाळले होते आणि त्यांच्यासाठी कोवळा पाला आणण्याचे काम रविवारी माझ्याकडे असे. बंगल्यामागच्या गव्हाच्या शेतात बुचबुचा नावाचे एक मऊ, हिरवेगार तण माजलेले असते. इंग्लंडात त्यालाच चिकवीड म्हणतात. ते जनावरे आवडीने खातात आणि माणसेही त्याची भाजी करतात. मी ओंजळभर पाला खुडून आणला व पिंजऱ्यात टाकणार, तोच आमचे वृद्ध माळीबाबा पुढे झाले. त्यांनी माझ्या हातातली एक डहाळी उचलली, तिचे पान उलटे केले आणि म्हणाले, "साहेब, हे खाऊ घालू नका. हा बुचबुचा नव्हे, ही जोंकमारी आहे. पान उलटून बघा."

मी पान उलटून पाहिले. पानाच्या पाठीवर बारीक बारीक काळपट ठिपके होते, जणू कोणी टाकाच्या टोकाने शाई शिंपडली असावी. शेजारच्या बुचबुच्याच्या पानावर एकही ठिपका नव्हता. माळीबाबांनी मग देठ बोटात फिरवून दाखवला. जोंकमारीचा देठ चौकोनी होता. बुचबुच्याचा गोल होता आणि त्याच्या एकाच अंगाला केसांची एक बारीक रेघ वरपासून खालपर्यंत गेलेली होती. माझी पदवी आणि माळीबाबांची अक्षरशत्रुता यांचा त्या दिवशी जो मुकाबला झाला, त्यात कोण जिंकले हे सांगण्याची आवश्यकता नाही.

ही खबरदारी उगाच नव्हती. या वनस्पतीच्या अंगी सॅपोनिनसारखी विषारी द्रव्ये असतात. चाऱ्यातून ती भरपूर पोटात गेल्यास जनावरांच्या मूत्रपिंडांना इजा होते. ऑस्ट्रेलियातील मेंढ्यांना तिच्यापासून विषबाधा झाल्याचा संशय १९८६ मध्ये नोंदवला गेला, आणि २००१ मध्ये उरुग्वे देशातील गुरे व मेंढ्या यांच्या विषबाधेचे वृत्त प्रसिद्ध झाले. तिचे हिंदी नावही हेच सांगते. जोंक म्हणजे जळू. पाणवठ्यावर पाणी पिताना जनावराच्या नाकपुडीत शिरलेली जळू बाहेर काढण्यासाठी या वनस्पतीचा उपयोग आपल्याकडे होत असे, म्हणून ती जोंकमारी.

तेव्हा प्रथम तिची नीट ओळख करून घेऊ. आकाशवाणीवरून फूल दाखवता येत नाही ही अडचण खरी. परंतु वनस्पतिशास्त्रज्ञांनी शब्दांनी चित्र काढण्याची जी शिस्त घालून दिली आहे, तिची कसोटी लागते ती अशाच प्रसंगी.

जोंकमारी ही वर्षायू वनस्पती आहे. म्हणजे बी रुजण्यापासून बी धरण्यापर्यंतचा तिचा सारा संसार एकाच हंगामात आटोपतो. आपल्या देशात हा हंगाम रब्बीचा. गव्हाबरोबर, हरभऱ्याबरोबर ती उगवते, थंडीत फुलते आणि उन्हे तापू लागली की वाळून जाते. उत्तरेकडील मैदानांत ती विपुल आहे. दख्खनच्या पठारावर, पुणे-सातारा-नाशिककडच्या शेतांतही ती हिवाळ्यात भेटते. ती ताठ उभी राहत नाही. बुडापासून फांद्या फुटून जमिनीलगत पसरतात आणि त्यांची टोके तेवढी वर उचललेली असतात. देठ चौकोनी. पाने समोरासमोर जोडीने येणारी, बिनदेठाची, अंडाकृती, कडा सरळ, आणि पाठीवर ते काळे ठिपके. क्वचित एकाच पेऱ्यावर तीन पाने येतात, पण तो अपवाद.

फूल प्रत्येक पानाच्या बगलेतून एकेकटेच येते. त्याचा दांडा दोऱ्यासारखा बारीक आणि बहुधा पानाहून लांब असतो. फुलाचा व्यास जेमतेम एक सेंटिमीटर. पाकळ्या पाच दिसतात, पण त्या बुडाशी एकमेकींना जोडलेल्या असतात. फूल अलगद ओढले तर सगळी चकती एकसंध हाती येते. आपल्याकडे तिचा रंग बहुधा गडद, स्वच्छ निळा असतो, आणि मधोमध जांभळट गुलाबी डोळा असतो. त्यातून पाच पुंकेसर वर आलेले असतात. त्यांच्या तंतूंवर जांभळ्या रोमांची लव असते आणि त्यांची टोके पिवळीधमक असतात. आता एक बारकावा. बहुतेक फुलांत पुंकेसर दोन पाकळ्यांच्या मधल्या जागेसमोर उभे असतात. या फुलात प्रत्येक पुंकेसर नेमका पाकळीच्या समोर उभा असतो. प्रिमरोझच्या गोतावळ्याची ही खूण आहे, आणि ती एकदा डोळ्यांत भरली की विसरत नाही.

फूल गळाल्यावर दांडा खाली वाकतो आणि त्याच्या टोकाला मिरीएवढे गोल बोंड धरते. हे बोंड उभे चिरत नाही. त्याच्या मध्यावर आडवी रेघ पडते आणि वरचा अर्धा भाग झाकणासारखा निघून येतो. कुंकवाच्या करंड्याचे झाकण उघडावे तसे ते उघडते, आणि आत तपकिरी बियांचा पुंजका दिसतो.

आपल्या माळरानावर आणखी एक लहानसे निळे फूल फुलते, ते विष्णुक्रांतेचे. नवख्या माणसाचा दोहोंत घोटाळा होतो. पण विष्णुक्रांतेची पाने समोरासमोर नसून एकाआड एक असतात, तिच्या अंगावर रेशमी लव असते आणि तिचे फूल अखंड, जवळजवळ वर्तुळाकार असते. देठ, पानांची मांडणी, पानाची पाठ, पुंकेसरांची जागा, बोंडाचे झाकण या पाच खुणा ज्याने पाहिल्या, तो जोंकमारीला पुन्हा चुकणार नाही.

या यादीत मी रंगाचा समावेश केलेला नाही. तो बुद्ध्याच केलेला नाही, कारण या फुलाचा सारा इतिहास म्हणजे रंगावर विश्वास ठेवल्याने झालेल्या गोंधळाचा इतिहास आहे.

जोंकमारीचे मूळ घर भूमध्य समुद्राभोवतालचा प्रदेश आणि युरोप. तेथून शेतीच्या बियाण्याबरोबर व मातीबरोबर ती जगभर पसरली. इंग्लंडात ती भेटते ती निळ्या नव्हे तर शेंदरी तांबड्या रंगात, आणि तिला स्कार्लेट पिंपर्नेल म्हणतात. भूमध्य प्रदेशात मात्र तांबडी आणि निळी अशी दोन्ही फुले आढळतात. इसवी सनाच्या पहिल्या शतकात डायोस्कोरिडीस नावाच्या ग्रीक वैद्याने औषधी द्रव्यांवर जो विख्यात ग्रंथ लिहिला, त्यात त्याने या दोहोंची नोंद केली आहे. तांबड्या फुलाची ती नर आणि निळ्या फुलाची ती मादी, असे त्याने सांगितले. वास्तविक दोन्ही रंगांच्या प्रत्येक फुलात पुंकेसरही असतात आणि स्त्रीकेसरही असतो. नर-मादी हा भेद येथे मुळातच संभवत नाही. परंतु वनस्पतींतील लिंगभेदाची कल्पना त्या काळी स्पष्ट नव्हती, आणि दोन सारख्या वस्तूंतील एकीला नर व दुसरीला मादी म्हणण्याची रीत रूढ होती.

दप्तरात एकदा शिरलेली चूक किती दीर्घायुषी असते हे आम्हा कारकुनी पेशाच्या लोकांना चांगले ठाऊक आहे. रोमन ग्रंथकार प्लिनीने हीच नर-मादीची जोडी सांगितली. दीड हजार वर्षांनी, १५९७ मध्ये, इंग्लंडातील जॉन जेरार्डने आपला प्रचंड वनस्पतिग्रंथ छापला, त्यातही नर पिंपर्नेल आणि मादी पिंपर्नेल तशीच आली. पुढे १७५३ मध्ये स्वीडनचा थोर शास्त्रज्ञ लिनीअस याने वनस्पतींना दोन शब्दांची नावे देण्याची पद्धत रूढ केली आणि या वनस्पतीला 'अनागॅलिस आर्व्हेन्सिस' हे नाव दिले. आर्व्हेन्सिस म्हणजे शेतातली. लंडनजवळच्या चेल्सी येथील औषधी बागेचा प्रमुख फिलिप मिलर याने १७६८ मध्ये निळ्या फुलाची एक जात वेगळी काढली आणि तिला नाव दिले 'अनागॅलिस फीमिना', म्हणजे मादी! डायोस्कोरिडीसची चूक अशा रीतीने शास्त्रीय नावात कायमची कोरली गेली.

लिनीअसने या फुलाचा आणखी एक गुण टिपला होता. हे फूल वेळेचे पक्के आहे. १७५१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने फुलांच्या उघडण्या-मिटण्यावरून वेळ सांगणाऱ्या घड्याळाची कल्पना मांडली, त्यात सकाळी आठ वाजता उघडणारे फूल म्हणून पिंपर्नेलला जागा मिळाली. दुपारी ते मिटू लागते. आभाळ भरून आले, प्रकाश मंदावला आणि हवा थंड व दमट झाली, तर ते वेळेआधीच मिटते. त्यामुळे इंग्लंडातील शेतकरी त्याला गरिबाचे हवामानयंत्र म्हणत. ज्याच्याजवळ यंत्र घेण्याइतके द्रव्य नाही, त्याने बांधावरच्या फुलाकडे पाहावे आणि गवत कापावे की नाही ते ठरवावे, अशी ही सोय होती.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. तांबडी आणि निळी या एकाच जातीच्या दोन छटा, की या दोन निरनिराळ्या जाती? प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. परंतु एकोणिसाव्या शतकात त्याला फार मोठे महत्त्व आले. प्रत्येक जात स्वतंत्रपणे निर्माण झाली असून ती अचल आहे, असा तेव्हा सर्वसाधारण समज होता. मग जात ओळखायची कशी? यावर दिले जाणारे एक उत्तर असे की, ज्यांचा संकर वांझ निघतो त्या दोन जाती, आणि ज्यांचा संकर फलद्रूप होतो त्या एकाच जातीच्या उपजाती. पिंपर्नेलला या कसोटीवर उभे केले की काय होते, हे पाहण्याची जिज्ञासा अनेकांना झाली.

केंब्रिज विद्यापीठात जॉन स्टीव्हन्स हेन्स्लो हे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. १८३० मध्ये त्यांनी एका लेखात तांबडी व निळी पिंपर्नेल एकाच जातीची असल्याचे प्रतिपादन केले. त्या वेळी त्यांच्या व्याख्यानांना नियमाने बसणारा आणि त्यांच्याबरोबर रानोमाळ हिंडणारा एक तरुण विद्यार्थी होता, चार्ल्स डार्विन. दुसऱ्याच वर्षी हेन्स्लो यांच्या शिफारशीवरून तो बीगल जहाजातून जगाच्या सफरीला निघाला.

तिकडे जर्मनीत कार्ल फ्रीड्रिख फॉन गेर्टनर हा संशोधक वनस्पतींच्या संकराचे हजारो प्रयोग करीत होता. त्याचा मोठा ग्रंथ १८४९ मध्ये निघाला. त्याने तांबड्या व निळ्या पिंपर्नेलचा संकर करून पाहिला, आणि त्याचे फळ शून्य आले. दोघी परस्परांशी पूर्णपणे वांझ! म्हणजे उत्तम वनस्पतिशास्त्रज्ञ ज्यांना एक म्हणत होते, त्यांना प्रयोग दोन म्हणत होता.

१८५९ मध्ये डार्विनचा जातींच्या उत्पत्तीवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच्या संकरविषयक प्रकरणात हे इवलेसे फूल साक्षीला उभे आहे. डार्विनने युक्तिवाद केला तो असा : श्रेष्ठ शास्त्रज्ञ ज्यांना उपजाती मानतात, त्याही जर गेर्टनरच्या हाती वांझ निघत असतील, तर इतर अनेक जाती तो म्हणतो तितक्या वांझ खरोखर असतील काय? कुंड्यांत लावलेल्या, पुंकेसर खुडून टाकलेल्या फुलांची जननशक्ती प्रयोगानेच तर कमी झाली नसेल? याच प्रकरणात त्याने पुढे असा निष्कर्ष काढला की, वांझपणा किंवा फलद्रूपता यांवरून जात आणि उपजात यांच्यामध्ये पक्की सीमारेषा आखता येत नाही. सीमा पक्की नाही, कारण जाती हळूहळू बदलत, उपजातींतूनच घडत आल्या आहेत, हे त्याच्या सिद्धांताचे सूत्र होय. आपल्या भाषेत या शास्त्रीय संज्ञेलाही 'जाती' हाच शब्द आहे. जन्मापासून अचल वाटणारी जातीची भिंत निसर्गातही तशी अचल नाही, असे सांगणाऱ्या ग्रंथाच्या साक्षीदारांत जोंकमारी आहे, हे मला विशेष वाटते.

मग प्राध्यापक चुकले की प्रयोगकर्ता? याचा उलगडा होण्यास आणखी बराच काळ जावा लागला. १९३८ मध्ये मार्सडेन-जोन्स आणि वाइस या संशोधकांनी लंडनच्या लिनीअन सोसायटीपुढे या दोन वनस्पतींतील मूलभूत भेद मांडला. भेद रंगात नव्हता, पाकळीच्या कडेला होता. तांबड्या पिंपर्नेलच्या पाकळीची कड भिंगाखाली धरली असता सूक्ष्म ग्रंथियुक्त केसांची दाट झालर दिसते. हे केस तीन पेशींचे असतात. मिलरच्या 'फीमिना'च्या पाकळ्या अरुंद असतात, त्यांच्या कडेला केस विरळ असतात आणि प्रत्येक केस चार पेशींचा असतो. शिवाय फीमिनाच्या कळीत पाकळ्या हिरव्या बाह्यदलांनी झाकलेल्या असतात. परंतु निळ्या फुलांची दुसरीही एक वनस्पती आहे. तिची कड तांबडीसारखीच दाट केसांची असते. तिचा तांबडीशी संकर साधतो. फीमिनाचा मात्र तांबडीशी संकर झालाच तर तो बहुधा वांझ निघतो.

म्हणजे निळी पिंपर्नेल एक नव्हतीच! निळेपणाच्या एकाच पांघरुणाखाली निरनिराळ्या वनस्पती उभ्या होत्या. हेन्स्लो यांच्यापुढे एक निळी असावी आणि गेर्टनरपुढे दुसरी, असे मानले तर दोघांच्याही पदरात सत्याचा अंश पडतो. दोघांनीही प्रामाणिकपणे पाहिले होते. चूक होती ती केवळ रंग सारखा म्हणून दोन वनस्पतींना एकाच नावाने हाक मारण्यात.

यानंतरही प्रकरण दप्तरदाखल झाले नाही. २००९ मध्ये आनुवंशिक द्रव्याच्या तपासणीवरून 'अनागॅलिस' हे प्रजातिनामच रद्द करून या वनस्पती 'लिसिमाकिया' या प्रजातीत घालण्यात आल्या. २०२२ मध्ये स्पेनमधील संशोधकांनी असे दाखवले की दाट कडेची निळी वनस्पतीदेखील तांबडीची नुसती छटा नसून स्वतंत्र जात मानावी लागेल. भारतीय वनस्पतिग्रंथांत आपली जोंकमारी बहुधा तांबडीचीच निळी उपजात म्हणून नोंदलेली आहे. ती नोंद पुन्हा तपासण्याचे काम आता पुढच्या पिढीचे आहे, आणि त्यासाठी लागणारी पहिली सामग्री एक साधे भिंग एवढीच आहे.

या फुलाच्या अंगी आपले खरे रूप लपवण्याचा जो गुण आहे, त्याचे दुसरे एक स्मारक वाङ्मयात झाले आहे. हंगेरीत जन्मलेल्या बॅरोनेस ऑर्झी यांचे 'द स्कार्लेट पिंपर्नेल' हे नाटक १९०३ मध्ये रंगभूमीवर आले आणि त्याच नावाची कादंबरी १९०५ मध्ये निघाली. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात वध्यस्तंभाकडे निघालेल्या सरदारांना सोडवणारा त्यातील नायक वरवर मूर्ख व छानछोकी दिसतो, आणि त्याची खूण असते हे रस्त्याकडेचे फूल. समोर असूनही कोणाला ओळखू न येणाऱ्या माणसासाठी लेखिकेने याहून समर्पक चिन्ह शोधून काढले नसते.

माळीबाबांनी माझ्या हातातली जी डहाळी काढून घेतली, तिच्यामागे एवढा इतिहास उभा होता, हे त्यांना ठाऊक नव्हते आणि मलाही नव्हते. परंतु डायोस्कोरिडीसपासून गेर्टनरपर्यंत सर्वांना ज्या शिस्तीची उणीव भासली, ती त्यांच्यापाशी होती. त्यांनी रंगाची वाट पाहिली नाही. त्या दिवशी त्या झाडावर फूलही नव्हते. त्यांनी पानाची पाठ पाहिली, देठ बोटांत फिरवला आणि मग नाव घेतले.

तेव्हापासून माझ्या टेबलावर एखादा अर्ज आला आणि त्यावर अगोदरच कोणी शेरा मारलेला असला की मी कागद उलटून मागची बाजू वाचतो. त्यामुळे दोन-तीन प्रसंगी तरी एखाद्या माणसावर होऊ घातलेला अन्याय टळला, एवढे मी प्रांजलपणे सांगू शकतो. येत्या हिवाळ्यात गव्हाच्या किंवा हरभऱ्याच्या बांधावरून जाताना आपल्याला करंगळीच्या नखाएवढे निळे फूल दिसले, तर क्षणभर खाली वाका. सकाळी आठनंतर गेलात तर ते उघडलेले असेल. देठ चौकोनी आहे काय ते पाहा, आणि पान उलटून बघा.